नाव अनोळखी, चव अस्सल

१९९९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकी आणि फ्रेंच संशोधकांचा एक शोधनिबंध छापून आला. ईशान्य फ्रान्समधल्या जुन्या द्राक्षवाणांचा डीएनए तपासून त्यांचे आईबाप कोण, हे त्यांनी शोधून काढले होते. निष्कर्ष जाणकारांनाही चकित करणारा होता. जगभर मिरवणारे शार्दोने, नाँत शहराभोवतीच्या शेतकऱ्यांचे मेलों, बरगंडीत कायम दुय्यम मानले गेलेले आलिगोते आणि आणखी तेरा वाण ही एकाच जोडप्याची लेकरे निघाली. जोडप्यातला एक होता खानदानी पिनो. दुसरा होता गुए ब्लाँ. हे गरीब शेतकऱ्यांच्या शिवारातले हलके, आंबट द्राक्ष म्हणून शतकानुशतके हिणवले गेले होते.

भावंडे सख्खी, पण नशीब निराळे. बरगंडीतल्या मोंराशे नावाच्या जेमतेम आठ हेक्टरांच्या उतारावर पिकलेल्या शार्दोनेची एक बाटली शेकडो युरोंना जाते. मेलोंपासून होणारी मुस्कादे ही वाइन फ्रान्समधल्या दुकानात दहा युरोंच्या आत मिळते. मुस्कादे ही मोंराशेच्या तोडीची आहे, असा दावा कोणी करत नाही. पण दोघींच्या चवीत जेवढे अंतर आहे, त्याच्या कितीतरी पट अंतर त्यांच्या किमतीत आहे. त्यातला मोठा वाटा नावाचा, दुर्मिळतेचा आणि जमिनीच्या भावाचा असतो.

युरोपात अशा व्हाइट वाइन ठिकठिकाणी सापडतात. गावाबाहेर फारसे नाव नाही, बाटलीवरचा शब्द धड उच्चारता येत नाही, पण पेल्यात ओतल्यावर त्या मातीची, तिथल्या हवेची ओळख पटावी इतकी स्पष्ट चव. वाइन चाखायला शिकणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी. खिशाला चाट बसत नाही आणि नावाचे दडपणही येत नाही.

साक्यावर मुरलेली वाइन

लुआर ही फ्रान्समधली सर्वांत लांब नदी. अटलांटिक महासागराला मिळण्याआधी ती नाँत शहरातून जाते. शहराच्या आग्नेयेला सेव्र आणि मेन या दोन लहान नद्यांच्या काठाने मुस्कादेच्या द्राक्षबागा पसरल्या आहेत. सतराव्या शतकात इथे डच व्यापाऱ्यांची ये-जा होती. त्यांना हवी होती पातळ, आंबटसर व्हाइट वाइन, आणि तीही पिण्यासाठी नव्हे तर भट्टी लावण्यासाठी. या ऊर्ध्वपातित दारूला ते ‘जाळलेली वाइन’ अशा अर्थाच्या डच शब्दाने ओळखत. आजचा ‘ब्रँडी’ हा शब्द त्यातूनच आला.

मग १७०९ चा हिवाळा आला. त्या जानेवारीत युरोपभर नद्या गोठल्या आणि फ्रान्समधल्या असंख्य द्राक्षवेली मुळापासून गेल्या. नाँतच्या शेतकऱ्यांना थंडीला टिकणारा आणि लवकर पिकणारा वाण हवा होता. बरगंडीतून आलेले मेलों त्या कसोटीला उतरले आणि पुढे साऱ्या परिसरात तेच लागले. १९३६ मध्ये मुस्कादे सेव्र-ए-मेन या नावाला फ्रान्समध्ये भौगोलिक मूळ सांगणारा कायदेशीर दर्जा मिळाला. मस्कत द्राक्षाशी या नावाचा काही संबंध नाही, तरी पुष्कळांची फसगत होते.

मेलोंचे द्राक्ष तसे अबोल. त्याला फुलांचा घमघमाट नाही, फळांचा भडक वास नाही. त्याला बोलते करण्याची युक्ती नाँतच्या लोकांना सापडली, ती साक्यात. द्राक्षाचा रस आंबताना यीस्ट साखर खाते आणि तिचा मद्यार्क करते. काम संपले की यीस्टच्या पेशी मरून टाकीच्या तळाशी साका होऊन बसतात. इतरत्र पुष्कळदा हा साका लवकर वेगळा काढतात. नाँतचे वाइनकार मात्र वाइन सगळा हिवाळा साक्यावरच राहू देतात आणि वसंत ऋतू लागल्यावर थेट तिथूनच बाटलीत भरतात. मृत पेशी हळूहळू विरघळत जातात. त्यातून वाइनला थोडा भरीवपणा येतो, ताज्या पावाचा पुसट वास येतो आणि जिभेवर बारीकशी चुणचुण राहते. पूर्वी घरच्या लग्नकार्यासाठी एखादे चांगले पिंप साक्यासकट बाजूला ठेवत आणि त्यातूनच ही रीत पडली, असे तिकडे सांगतात. बाटलीवर ‘स्यूर ली’ असे दोन शब्द दिसले, की ती साक्यावर मुरलेली वाइन आहे असे समजावे.

ही वाइन चाखताना आधी लिंबाच्या सालीचा आणि हिरव्या सफरचंदाचा वास येतो. घोट घेतला की स्वच्छ, सरळ आंबटपणा, आणि मागे राहते ती किंचित खारट छटा. अटलांटिकच्या किनाऱ्यावर मुस्कादे आणि कच्ची कालवे ही जोडी ठरलेली आहे. कालवांवर लिंबू पिळण्याचे जे काम, तेच इथे वाइन करते. २०११ मध्ये क्लिसाँ, गोर्ज आणि ल पाले या तीन गावांच्या मुस्कादेला वेगळा, वरचा दर्जा मिळाला. या वाइन दीड ते दोन वर्षे साक्यावर मुरतात. क्लिसाँच्या मातीखाली ग्रॅनाइट आहे, गोर्जच्या खाली गॅब्रो हा काळपट अग्निजन्य खडक. दोन्ही बाटल्या शेजारी उघडल्या तर फरक नवख्यालाही जाणवतो. क्लिसाँ जास्त गोलाई असलेली, गोर्ज जास्त ताठ. या वरच्या दर्जाच्या वाइनही बरगंडीच्या मानाने फार स्वस्त आहेत.

स्वस्ताई येते कुठून

कमी किंमत म्हटली की कमी प्रतीची शंका येते. काही वेळा ती खरीही असते, पण स्वस्ताईची इतर कारणे साधी आणि हिशेबाची आहेत.

पहिले कारण लाकूड. बरगंडीत वाइन ओक लाकडाच्या २२८ लिटरच्या पिंपात मुरवतात. एका नव्या पिंपाला शेकडो युरो पडतात आणि त्यात जेमतेम ३०० बाटल्यांची वाइन मावते. म्हणजे नुसत्या लाकडाचेच प्रत्येक बाटलीमागे दोन-तीन युरो. मुस्कादेला, किंवा पुढे भेटणाऱ्या विन्यु व्हेर्द आणि पिकपूल या वाइनना पिंप लागत नाही. त्या पोलादी किंवा सिमेंटच्या टाकीत होतात आणि टाकी वर्षानुवर्षे वापरात राहते. दुसरे कारण वेळ. सप्टेंबरमध्ये तोडलेल्या द्राक्षाची वाइन पुढच्या वसंतात विकली गेली तर वाइनकाराचे पैसे अडकून पडत नाहीत. तिसरे कारण जमीन. प्रसिद्ध उतारावरच्या हेक्टरचा भाव लाखो युरोंत असतो आणि तो शेवटी बाटलीतूनच वसूल होतो. उरले नाव. ज्या नावाला जगभरातून मागणी आहे, त्याला मागाल तो भाव मिळतो. ज्याचा उच्चारही गिऱ्हाइकाला जमत नाही, त्याला मिळत नाही.

लोकांना महाग वाइन खरेच जास्त आवडते का, हेही तपासून झाले आहे. २००८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात किंमत लपवून केलेल्या ६,००० हून अधिक चाखण्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. किंमत ठाऊक नसताना सामान्य माणसांना महाग वाइन जास्त आवडली नाही, उलट सरासरीने किंचित कमीच आवडली. रीतसर शिकलेल्यांच्या बाबतीत मात्र महाग वाइनकडे थोडा कल दिसला. म्हणजे महाग बाटलीत काही असते हे खरे, पण ते ओळखायला सराव लागतो. आणि सराव करायला स्वस्त बाटली बरी.

मांडवाखालची हिरवी वाइन

फ्रान्सच्याच दक्षिण किनाऱ्यावर, भूमध्य समुद्रालगतच्या एका खाऱ्या सरोवरात कालवांची शेती चालते. सरोवराकाठच्या बागांमधून पिकपूल द पिने येते. ‘पिकपूल’चा अर्थ ओठांना झोंबणारे, असा सांगितला जातो. उन्हाचा तडाखा असलेल्या या भागात बहुतेक द्राक्षांचा आंबटपणा पिकता पिकता उतरतो. पिकपूलचा टिकतो, आणि त्यातच त्याची सगळी किंमत आहे. २०१३ पासून या वाइनला स्वतंत्र भौगोलिक दर्जा आहे. उंच, निमुळती हिरवी बाटली ही तिची खूण. दुकानाच्या फळीवर ती लांबूनही ओळखू येते.

पोर्तुगालच्या वायव्य टोकाला मिन्यु प्रांत आहे. पाऊस भरपूर, डोंगर हिरवेगार, शेते तुकड्या-तुकड्यांची. इथल्या ‘विन्यु व्हेर्द’चा शब्दशः अर्थ हिरवी वाइन. रंग हिरवा म्हणून हे नाव पडलेले नाही. वाइन ताजी, कोवळी असतानाच प्यायची, हा त्यातला भाव आहे. १९०८ मध्ये या प्रदेशाची सीमा कायद्याने आखली गेली. जुन्या पद्धतीत इथल्या वेली झाडांवर किंवा उंच मांडवावर चढवत आणि खाली मका, बटाटा, कोबी घेत. जमीन थोडी आणि खाणारी तोंडे जास्त, म्हणून एकाच वावरातून दोन पिके. मांडव उंच असल्याने ओल्या हवेत घडांना वाराही मिळे. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागाईतदाराला या मांडवाची गरज समजावून सांगावी लागणार नाही. आता मिन्युतही बऱ्याच बागा तारांवरच्या सरळ ओळींत आल्या आहेत.

साधी विन्यु व्हेर्द अगदी हलकी असते. मद्यार्क बहुधा ९ ते ११ टक्के, चव लिंबाची आणि जिभेवर बारीक बुडबुडे. पूर्वी हे बुडबुडे बाटलीत नैसर्गिकरीत्या होणाऱ्या दुसऱ्या आंबण्यातून येत. आज स्वस्त बाटल्यांमध्ये भरताना थोडा कर्बवायू सोडतात. दोन-चार युरो जास्त मोजले तर मात्र एकाच वाणाची, उत्पादकाच्या नावाची वाइन मिळते आणि तिथे मिन्युचे खरे रूप दिसते. लोरेरु या वाणाला लॉरेलच्या पानांचा आणि संत्र्याच्या फुलांचा वास असतो. स्पेनच्या सीमेलगतच्या मोन्सांव आणि मेल्गासु या भागातले अल्वारिन्यु जास्त भरदार, पीचच्या वासाचे. नदीपलीकडे स्पेनमध्ये हेच द्राक्ष अल्बारिन्यो या नावाने बरेच गाजले आहे आणि त्याची किंमतही चढली आहे.

पोर्तुगीजांची ही ‘विन्यु’ गोव्याच्या स्वयंपाकघरात एका पदार्थाच्या नावात राहून गेली आहे. वाइन आणि लसणात मुरवलेले मांस म्हणजे पोर्तुगीज ‘विन्या द आल्युश’. गोव्यात वाइनच्या जागी माडाच्या ताडीचे व्हिनेगर आले, मिरची-मसाला पडला आणि त्याचे विंदालू झाले.

बदनामीतून वर आलेले द्राक्ष

ऑस्ट्रियातल्या द्राक्षबागांपैकी साधारण एक तृतीयांश क्षेत्रावर एकच वाण आहे. त्याचे नाव ग्रुनर वेल्टलिनर. त्याची एक बाजू सावान्यां या जुन्या वाणाकडे जाते, हे आधीच कळले होते. दुसरा पालक सापडत नव्हता. २००० साली सांक्ट गेओर्गन या गावात एका पडीक जागी एकच जुनाट वेल आढळली. पुढे डीएनए तपासणीत तीच हरवलेली जननी ठरली.

या देशाच्या वाइनला १९८५ मध्ये मोठा धक्का बसला. काही उत्पादकांनी वाइन गोड आणि दाट भासावी म्हणून त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे रसायन मिसळल्याचे उघड झाले. निर्यात कोसळली. कित्येक प्रामाणिक शेतकरीही त्यात भरडले गेले. त्यानंतर ऑस्ट्रियाने युरोपातले अत्यंत कडक म्हणावेत असे वाइन कायदे केले. आज दर्जेदार ऑस्ट्रियन बाटलीच्या झाकणावर लाल-पांढरी-लाल पट्टी असते आणि तपासणी क्रमांकाशिवाय ती बाजारात येत नाही.

गमावलेली पत परत मिळवायला सतरा वर्षे लागली. २००२ मध्ये लंडनला एक चाचणी झाली. जाणकार परीक्षकांपुढे बरगंडीच्या नामांकित शार्दोने आणि ऑस्ट्रियाच्या ग्रुनर वेल्टलिनर नावे झाकून ठेवण्यात आल्या. कागद उलगडले तेव्हा वरच्या क्रमांकांवर ऑस्ट्रियन वाइनचा वरचष्मा होता. परीक्षकांत जान्सिस रॉबिन्सन यांच्यासारखे वाइनजगतातले मोठे नाव होते. त्या चाचणीतल्या बाटल्या महागड्या होत्या, हे खरे. पण त्याच वाणाची रोजची वाइन व्हिएन्नात आजही लिटरच्या बाटलीतून, साध्या किमतीला विकली जाते.

ग्रुनर ओळखायची खूण म्हणजे पांढरी मिरी. ही नुसती कविकल्पना नाही. मिऱ्याला त्याचा वास देणारे रोटुंडोन हे द्रव्य या द्राक्षातही सापडले आहे. सोबत हिरवे सफरचंद, मुळ्याचा किंवा कोवळ्या वाटाण्याच्या शेंगेचा हिरवा वास, आणि शेवटी हलकी तिखट चुणूक. व्हिएन्नाच्या कडेच्या गावांत ही वाइन ‘होयरिगर’मध्ये, म्हणजे वाइनकाराच्या घरच्या गुत्त्यात प्यावी. सम्राट दुसऱ्या योसेफने १७८४ मध्ये हुकूम काढून शेतकऱ्यांना स्वतःची वाइन घरातून विकण्याची मुभा दिली. तेव्हापासून दारावर हिरवी डहाळी टांगली की घर उघडे आहे, असे समजायचे. आत लाकडी बाक, थंड मांसाचे काप, पाव आणि त्याच वर्षीची वाइन.

मेंढ्यांचे द्राक्ष आणि मधाळ वारसा

इटलीत व्हाइट वाइनचे वाण मोजता मोजता दमायला होते. त्यातली तीन नावे लक्षात ठेवण्यासारखी आहेत.

व्हेरोनाजवळचे सोआवे हे गाव त्याच्या मध्ययुगीन किल्ल्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथली वाइन गार्गानेगा या वाणाची. विसाव्या शतकात तिला परदेशात एवढी मागणी आली, की बागा टेकड्यांवरून सुपीक मैदानात उतरल्या. पीक वाढले, चव पातळ झाली आणि नाव उतरले. टेकड्यांवरची जुनी हद्द १९२७ मध्येच आखलेली होती. बाटलीवर ‘क्लासिको’ असेल तर वाइन त्या जुन्या हद्दीतली. पिवळ्या फुलांचा वास, मऊ पोत आणि घोटाच्या शेवटी कडू बदामाची झाक, ही तिची ओळख. नाव उतरल्याचा फायदा असा, की टेकडीवरचे उत्तम सोआवेही अजून परवडते.

एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या मार्के प्रांतात येझी शहराभोवती व्हेर्दिक्यो पिकते. १९५० च्या दशकात एका कंपनीने ही वाइन प्राचीन रांजणाच्या आकाराच्या बाटलीत भरून विकली. बाटली जगभर गेली, पण लोकांच्या लक्षात राहिली ती बाटलीच. आत असलेले द्राक्ष मात्र इटलीतल्या सर्वांत गुणी पांढऱ्या वाणांपैकी एक आहे. त्यातही कडू बदाम आहे, पण आंबटपणा जास्त कणखर, त्यामुळे चांगले व्हेर्दिक्यो पाच-सात वर्षे सहज टिकते.

त्याच प्रांतातले पेकोरिनो जवळपास नामशेष झाले होते. इटालियन भाषेत मेंढीला ‘पेकोरा’ म्हणतात. डोंगरात चरायला जाणाऱ्या मेंढ्या वाटेत ही द्राक्षे खात, म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. पीक कमी येते म्हणून शेतकऱ्यांनी हा वाण सोडून दिला. १९८० च्या दशकात गुइदो कोच्ची ग्रिफोनी या वाइनकाराने डोंगरातल्या एका जुन्या बागेतून काड्या आणून पुन्हा लागवड केली. आज पेकोरिनो इटलीतल्या साध्या खानावळींतही मिळते.

ग्रीसमध्ये मालागुझियाची गोष्ट अशीच आहे. १९७० च्या दशकात प्राध्यापक लोगोथेटिस आणि त्यांच्यासोबत काम करणारे वाइनकार वान्गेलिस येरोवासिलियू यांनी हा वाण विस्मृतीतून वर काढला. आज मोगऱ्याची आणि पीचची आठवण करून देणारी ही वाइन ग्रीसभर होते. अथेन्सभोवतीच्या आटिकातले सवात्यानो मात्र कधीच हरवले नव्हते. ते फक्त पाइनच्या डिंकात बुडून गेले होते. त्याच्यापासून रेत्सिना ही राळेच्या वासाची वाइन करतात, आणि डिंकाच्या त्या उग्र वासाखाली द्राक्ष कसे आहे, हे कोणी पाहिलेच नाही. अलीकडे काही उत्पादक जुन्या, कोरडवाहू वेलींपासून डिंक न घालता सवात्यानो करतात. ती बाटली दिसली तर सोडू नये.

हंगेरीचे टोकाय हे नाव मधासारख्या गोड वाइनसाठी राजदरबारांत गाजले. त्या प्रदेशाची हद्द १७३७ मध्येच राजाज्ञेने ठरवली गेली होती. गोड वाइन ज्या फुरमिंट द्राक्षापासून होते, त्याचीच बिनगोड वाइन गेल्या पंचवीस वर्षांत पुढे आली आहे. ज्वालामुखीच्या मातीतले हे द्राक्ष नासपतीच्या वासाचे आणि धारदार आंबटपणाचे आहे. डीएनए तपासणीनुसार फुरमिंटचे गुए ब्लाँशी थेट माय-लेकराचे नाते आहे. शार्दोनेची हिणवलेली आई, पूर्वेकडेही घराणे उभारून गेलेली. क्रोएशियात सर्वाधिक लागवड असलेले ग्राशेव्हिना हे द्राक्षही इथेच नोंदवावे. त्याला ऑस्ट्रियात वेल्शरीसलिंग म्हणतात, पण जर्मनीच्या प्रसिद्ध रीसलिंगशी त्याचा काही संबंध नाही. साधे, स्वच्छ, किंचित कडसर. रोजच्या जेवणाला साथ द्यावी, अशी ती वाइन आहे.

चाखायचे कसे

चाखणे आणि पिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यावसायिक परीक्षक एका बैठकीत डझनावारी वाइन चाखतात आणि प्रत्येक घोट थुंकून टाकतात. त्यात असभ्य काही नाही. त्याशिवाय चौथ्या पेल्यानंतर कसलाच निवाडा उरत नाही.

तयारी फार लागत नाही. तोंडाशी निमुळता होणारा काचेचा पेला घ्यावा आणि तो एक तृतीयांशच भरावा, म्हणजे वाइन गोल फिरवायला जागा राहते. घरात उदबत्ती, अत्तर, फोडणीचा वास नको. चाखण्याआधी तासभर कॉफी, पान, बडीशेप टाळावी. या वाइन ८ ते १० अंशांवर चांगल्या लागतात. फ्रिजमधून काढून पंधरा मिनिटे बाहेर ठेवल्या की पुरे. फार गार वाइनला वास येत नाही आणि स्वस्त वाइन अतिथंड करून देण्याची दुकानदारांची सवय त्यासाठीच आहे. गारव्यात दोष झाकले जातात, तसे गुणही झाकले जातात.

आधी पेला न हलवता हुंगावा, मग फिरवून पुन्हा हुंगावा. मग छोटा घोट घेऊन तो तोंडभर फिरवावा आणि ओठांतून थोडी हवा आत ओढावी. जीभ फक्त आंबट, गोड, खारट, कडू आणि उमामी एवढेच ओळखते. बाकीचे सारे काम घशामागून नाकापर्यंत पोचणारा गंध करतो. सर्दी झाली की जेवण बेचव लागते, ते त्यामुळेच. घोट थुंकल्यावर जिभेखाली लाळ किती सुटते ते पाहावे. जास्त लाळ म्हणजे जास्त आंबटपणा. शेवटी मनात आकडे मोजावेत. चव पाच अंकांत विरली तर वाइन साधी, पंधराच्या पुढे रेंगाळली तर ती नोंद करून ठेवण्याजोगी.

डोळ्यांवर फार विसंबू नये. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बोर्दोतल्या वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइनमध्ये बेचव लाल रंग मिसळून दिला गेला. त्यांनी तिचे वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केले. शिकलेल्या नाकालाही डोळ्यांनी चकवले. म्हणून बाटल्या कागदात गुंडाळून चाखाव्यात. घरी चार जण जमले तर दोन बाटल्या पुरतात: एक मुस्कादे, एक ग्रुनर. एकटी वाइन चाखली तर काहीच सांगता येत नाही. शेजारी दुसरी ठेवली की पहिलीचे गुण आपोआप बोलू लागतात.

शब्दांचा धाक नको. इंग्रजी पुस्तकांतली गूजबेरी मराठी माणसाने बहुधा खाल्लेलीच नसते. त्याने कैरी म्हणावे, कागदी लिंबू म्हणावे, पावसाने भिजलेली पाटी म्हणावे, ओला खडू म्हणावे, कच्च्या पपईची साल म्हणावे. नोंदवही ठेवावी आणि स्वतःच्या आठवणीतला वास स्वतःच्या शब्दात लिहावा. वर्षभराने तीच वाइन पुन्हा समोर आली तर ती ओळख परत पटते, आणि चाखण्यातला आनंद खरा तो आहे.

लुआरपासून नाशिकपर्यंत

महाराष्ट्राच्या वाचकाला लुआर नदी वाटते तेवढी परकी नाही. नाशिकमध्ये व्हाइट वाइनसाठी मोठ्या प्रमाणावर लागणारे शेनिन ब्लाँ हे द्राक्ष त्याच नदीच्या मधल्या खोऱ्यातले आहे. लुआरच्या काठी वेल हिवाळ्यात झोपते आणि वर्षातून एकदा छाटली जाते. नाशिकला वेल झोपत नाही, म्हणून वर्षातून दोन छाटण्या कराव्या लागतात. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करते, ऑक्टोबरची गोडी छाटणी घड आणते. तिकडे द्राक्षे शरदात तोडतात, इकडे हिवाळा सरताना. तोच वाण, दोन पंचांगे. नाशिकचे शेनिन आणि त्याच द्राक्षाची लुआरकाठची वूव्हरे ही वाइन शेजारी ठेवून चाखावी, असे कोणत्याही शिकणाऱ्याला सुचवता येईल.

युरोपातल्या या वाइन भारतात मात्र स्वस्त राहत नाहीत. बाटलीबंद आयात वाइनवर वर्षानुवर्षे १५० टक्के सीमाशुल्क राहिले आणि त्यावर राज्यांचे कर. त्यामुळे पाच युरोंच्या विन्यु व्हेर्दची मुंबईत पोचेपर्यंत चैन होते. आयातदारही मग ठाऊक असलेल्या नावांवरच पैसे लावतात. या वाइन चाखायची खरी संधी प्रवासात, किंवा लंडन, डब्लिन, म्युनिक इथे राहणाऱ्या नातेवाइकांच्या घरी मिळते. तिथे तळलेला मासा, कोळंबी, नारळाच्या दुधातली माशांची आमटी असे काही ताटात असेल तर कमी मद्यार्काची, आंबट, लाकडाचा स्पर्श नसलेली वाइन त्याच्याशी सहज जुळते. तिखटाबरोबर जास्त मद्यार्क आणखी आग करतो, एवढे ध्यानात ठेवावे.

आरोग्याचे भान इथे सोडून चालणार नाही. मद्याची पूर्णपणे सुरक्षित अशी मात्रा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. चाखणाऱ्याने थुंकण्याची सवय लावून घ्यावी. आणि ज्याला गाडी चालवायची आहे, त्याने नुसते हुंगण्यावर समाधान मानावे.

युरोपच्या पुढच्या प्रवासात दुकानात शिरलात, तर सर्वांत ओळखीच्या नावाची बाटली तिथेच राहू द्या आणि दुकानदाराला विचारा, ‘इथले लोक घरी कोणती व्हाइट वाइन पितात?’ एकच बाटली घ्यायची असेल तर साक्यावर मुरलेले मुस्कादे घ्या. दोन घ्यायच्या असतील तर सोबत ग्रुनर वेल्टलिनर. तिसरीला जागा असेल तर येझीचे व्हेर्दिक्यो. तिन्ही मिळून बरगंडीच्या एका बऱ्यापैकी बाटलीइतकेही पैसे लागत नाहीत.